रकाना भरण्यापूर्वी

१९२२ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेश अर्जात एक नवा प्रश्न छापला गेला. जन्मापासून आजवर तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे का? झाला असल्यास सविस्तर खुलासा करा. सोबत आणखी काही रकाने होते: वंश आणि वर्ण, धर्म, आईचं माहेरचं नाव, वडिलांचं जन्मस्थान. हे प्रश्न कशासाठी आहेत हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आधी "आडनाव काय?" विचारायचं आणि उत्तर पुरेसं बोलकं वाटलं नाही तर "मूळचे कुठले?" असं पुढे सरकायचं, ही रीत आपल्या वाड्यांत, चाळींत आणि आता सोसायट्यांतही मुरलेली आहे. हार्वर्डला एवढंच काढून घ्यायचं होतं की अर्ज करणारा मुलगा ज्यू आहे का.

या व्याख्यानाचा विषय हा अर्जच आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, स्टॅनफर्ड अशा विद्यापीठांत पदवीच्या पहिल्या वर्षाला जायचं तर जो अर्ज भरावा लागतो, त्याची धास्ती आता कोथरूड-ठाण्यातल्या घरांपर्यंत पोहोचली आहे. नववीतल्या मुलाचं 'प्रोफाइल' कसं बनतंय, याची चौकशी नातेवाईक लग्नाच्या पंगतीत करतात. अर्जातला प्रत्येक रकाना मुलाची लायकी जोखण्यासाठीच आहे, असं धरून घरची मंडळी कामाला लागतात. या रकान्यांचा इतिहास पाहिला तर हे गृहीतक फार वेळ टिकत नाही. बहुतेक रकाने विद्यापीठांनी आपल्या त्या-त्या वेळच्या गरजेपोटी घातले, आणि गरज बदलली तसे तेच रकाने दुसऱ्या कामाला जुंपले.

एकोणिसाव्या शतकात हार्वर्डला जायचं म्हणजे लॅटिन, ग्रीक, गणित यांची परीक्षा द्यायची. उत्तीर्ण झाला तो आत आला. एखाद्या विषयात कच्चा निघाला तर 'पुढे भरून काढ' या अटीवर, आपल्या एटीकेटीच्या चालीवर, त्यालाही घेत. जागा ठरावीक नव्हत्या आणि निवड अशी नव्हतीच. लॅटिन-ग्रीक शिकवणाऱ्या शाळा महागड्या असल्यामुळे गरिबांची पोरं परीक्षेपर्यंत पोहोचतच नसत. वेगळी चाळणी लावण्याची गरज पडत नव्हती. १९०१ मध्ये अनेक महाविद्यालयांसाठी 'कॉलेज बोर्डा'ची सामायिक परीक्षा सुरू झाली. चार्ल्स एलियट हे अध्यक्ष १८६९ पासून चाळीस वर्षं त्या खुर्चीवर होते आणि सरकारी शाळांतल्या मुलांनाही दार उघडं राहावं अशा मताचे होते. थोडक्यात, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं हार्वर्ड प्रवेशाच्या बाबतीत आपल्या आयआयटीच्या बरंच जवळ होतं. परीक्षा द्या, गुण मिळवा, यादीत नाव शोधा.

अडचण तिथूनच सुरू झाली. रशिया-पोलंडकडून आलेल्या ज्यू निर्वासितांची मुलं बॉस्टनच्या सरकारी शाळांत शिकली, घरी राहून ट्रामने कॉलेजला येऊ लागली आणि परीक्षेत भराभर उत्तीर्ण होऊ लागली. १९०० मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांत ज्यू सुमारे ७ टक्के होते. १९२२ पर्यंत ते २१.५ टक्के झाले. तेव्हाचे अध्यक्ष अ‍ॅबट लॉरेन्स लॉवेल अस्वस्थ झाले. त्यांचा युक्तिवाद उन्हाळी सुट्टीच्या हॉटेलांच्या दाखल्यावर उभा होता: ज्यू गिऱ्हाइकं आली की बाकीची निघून जातात आणि मग हॉटेल बुडतं. विद्यापीठाचंही तेच होईल, म्हणून १५ टक्क्यांची मर्यादा घाला, असा त्यांचा आग्रह. यात ज्यूंचंच भलं आहे, कारण संख्या वाढली की द्वेषही वाढेल, हेही ते सांगत. आपल्याला ज्याला बाहेर ठेवायचं आहे त्याच्याच हिताची काळजी वाहणारा हा सूर आपल्या कानांना अनोळखी नाही.

हे प्रकरण वर्तमानपत्रांत गेलं आणि गदारोळ झाला. प्राध्यापकांची समिती नेमली गेली. हार्वर्डमध्ये नेमके ज्यू किती याची मोजदाद त्या वेळी कशी झाली, ते पाहण्यासारखं आहे. विद्यार्थ्यांच्या नावापुढे तीन खुणा केल्या गेल्या. 'जे-१' म्हणजे निःसंशय ज्यू, 'जे-२' म्हणजे पुराव्यावरून बहुधा ज्यू, आणि 'जे-३' म्हणजे ज्यू असण्याची नुसती शक्यता. कुणी एक कारकून टेबलाशी बसून आईचं माहेरचं नाव वाचतो आहे, वडिलांचं गाव वाचतो आहे आणि पेन्सिलीने आकडा टाकतो आहे. जगातल्या एका थोर विद्यापीठात हे काम चाललं होतं.

१९२३ मध्ये समितीने उघड कोटा नाकारला. उलट प्रवेश देशभर पसरावा म्हणून, शाळेत वरच्या सप्तमांशात आलेल्या मुलांना परीक्षेविना घ्यावं, अशी सवलत काढली. अपेक्षा होती की दक्षिणेकडची, पश्चिमेकडची शेतकरी-व्यापाऱ्यांची मुलं येतील. ती थोडी आलीही. पण शाळेत वरच्या सप्तमांशात कोण असतात हे कुणीच विचारात घेतलं नव्हतं. १९२५ पर्यंत पहिल्या वर्षातल्या ज्यू मुलांचं प्रमाण चतुर्थांशाच्याही पुढे गेलं.

मग १९२६ मध्ये लॉवेल यांनी वेगळा डाव टाकला. पहिल्या वर्षाच्या जागा हजारावर रोखल्या. जागा मोजक्या म्हटल्यावर निवड आलीच, आणि निवड नुसत्या गुणांवर करायची नाही, चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्वही पाहायचं, असं ठरलं. अर्जाला छायाचित्र जोडणं सक्तीचं झालं. शिफारसपत्रांना वजन आलं. कोट्याचा आकडा कुठेही लिहिला गेला नाही, तरी ज्यूंचं प्रमाण पुढल्या काही वर्षांत सुमारे १५ टक्क्यांवर उतरलं. पाहिजे होता तो आकडा लॉवेल यांना कागदावर न लिहिता मिळाला. 'सर्वांगीण मूल्यमापन' या नावाने आज ज्याचे गोडवे गायले जातात, त्या पद्धतीचं पाळण्यातलं नाव हे असं आहे.

हार्वर्ड या वाटेवर पहिलं नव्हतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने हे आधीच करून पाहिलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये उच्च शिक्षणासाठी कोलंबियात पोहोचले. तीन वर्षं त्यांनी ज्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात अहोरात्र वाचन केलं, त्याच विद्यापीठाच्या पदवी महाविद्यालयात त्या काळात शहरातल्या ज्यू मुलांची संख्या वाढत होती आणि ती खुपायला लागली होती. बाबासाहेब तिथून निघाल्यावर दोन-तीन वर्षांतच, पहिल्या महायुद्धानंतर, कोलंबियाने छायाचित्र, मुलाखत आणि घराण्याची विचारपूस असलेला अर्ज आणला. ज्यूंचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून २२ टक्क्यांच्या आसपास आलं. भारतातल्या अस्पृश्य विद्यार्थ्याला जिथे मोकळा श्वास घेता आला, तिथेच गावकुसाची दुसरी एक भिंत रचली जात होती.

या भिंतीवर कोण आपटलं? १९३५ मध्ये, पुढे विज्ञानकथाकार म्हणून गाजलेला, आयझॅक असिमोव्ह नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा कोलंबियाच्या मुलाखतीला गेला. त्याला मुख्य महाविद्यालयात न घेता ब्रुकलिनमधल्या सेथ लो या दुय्यम महाविद्यालयाचा रस्ता दाखवला गेला. तिथे बहुतेक विद्यार्थी ज्यू आणि इटालियन होते. त्याच वर्षी रिचर्ड फाइनमन यांनाही कोलंबियाने नाकारलं. ज्यूंचा कोटा भरला होता, असं कारण त्यांनी पुढे सांगितलं. ते एमआयटीला गेले आणि १९६५ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. छायाचित्र, मुलाखत, चारित्र्याचे दाखले, सगळी यंत्रणा हाताशी असून कोलंबियाला या दोघांत काही दिसलं नाही. किंवा जे पाहायचं होतं ते बरोबर दिसलं.

हार्वर्डमधला हा खटाटोप रंगात असताना गोव्याचा एक मुलगा त्याच आवाराच्या आसपास वाढत होता. धर्मानंद कोसंबी 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले तेव्हा, १९१८ मध्ये, त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरला बरोबर नेलं. तो तिथल्या केंब्रिज लॅटिन स्कूलमध्ये शिकला, पुढे हार्वर्डमध्ये गेला आणि १९२९ मध्ये सर्वोच्च बहुमानाची पदवी घेऊन बाहेर पडला. दा. ध. कोसंबी यांना मिळालेलं शिक्षण आणि असिमोव्हला मिळालेला नकार ही एकाच व्यवस्थेची दोन टोकं आहेत. कुणाची संख्या किती, यावर तिची वागणूक ठरत होती. एकटादुकटा हिंदी मुलगा कुणालाच खुपत नव्हता.

पुढचं अर्धं शतक भराभर सांगता येईल. १९२६ मध्येच 'सॅट' ही परीक्षा पहिल्यांदा घेतली गेली. ती रचणाऱ्या कार्ल ब्रिगम यांनी तीनच वर्षांपूर्वी उत्तर युरोपीय वंशाच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व सांगणारं पुस्तक लिहिलं होतं. १९३० मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष मागे घेतले. लॉवेल यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या जेम्स कोनंट यांनी मात्र हीच परीक्षा लहान गावांतल्या हुशार, गरीब मुलांना शिष्यवृत्त्या देण्यासाठी वापरली. येल आणि प्रिन्स्टनने १९६९ मध्ये पदवीसाठी मुलींना घ्यायला सुरुवात केली. आणि १९७८ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या बॅकी खटल्याच्या निकालपत्रात, न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना संधी देण्याची आदर्श पद्धत म्हणून हार्वर्डचा दाखला दिला. म्हणजे माणूस समग्र पाहा, गुण हा अनेकांतला एक निकष माना. ज्या ढिल्या, लवचीक पद्धतीने ज्यूंना बाहेर ठेवलं, तीच आता वंचितांना आत आणण्यासाठी उपयोगी पडली. चाकू तोच होता, धरणारा हात बदलला.

तो हात पुन्हा बदलला का, असा प्रश्न २०१४ मध्ये कोर्टात आला. आशियाई वंशाच्या अर्जदारांशी हार्वर्ड दुजाभाव करतं, असा दावा एका संघटनेने लावला. त्या खटल्यामुळे इतकी वर्षं कुलूपबंद असलेली प्रवेश कचेरी साक्षीपुराव्यात उघडी झाली, आणि आपल्यासारख्यांना प्रथमच कळलं की आत नेमकं काय चालतं.

प्रत्येक अर्जाला अभ्यास, अवांतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांसाठी श्रेणी मिळते, एक सर्वोत्तम. देशाचे आणि जगाचे विभाग पाडलेले असतात, प्रत्येक विभागाची उपसमिती अर्ज वाचते, आणि अखेर सुमारे चाळीस जणांची समिती बहुमताने ठरवते. २०१५ च्या प्रवेशाचे आकडे कोर्टापुढे आले. जागा सुमारे १,६०० होत्या. सॅटच्या गणितात पैकीच्या पैकी गुण असलेले देशांतर्गत अर्जदार ३,४०० होते, भाषेत पैकीच्या पैकी मिळवलेले २,७००, आणि शाळेच्या गुणपत्रिकेत निर्दोष असलेले ८,००० हून अधिक. आपल्याकडचा पालक 'कट-ऑफ किती?' असं विचारतो, त्याला या तीन आकड्यांत उत्तर आहे. कट-ऑफ लावायचा म्हटला तरी लावता येणार नाही. निर्दोष गुणपत्रिकेच्या ढिगातल्या पाच जणांपैकी चौघांना जागाच नाही.

या खटल्यातला सगळ्यात झोंबणारा मुद्दा व्यक्तिमत्त्वाच्या श्रेणीचा होता. अभ्यासात आशियाई मुलांची श्रेणी सरासरी सर्वांत वर होती. व्यक्तिमत्त्वात, म्हणजे स्वभावाचा मोकळेपणा, धैर्य, आपुलकी अशा गुणांत, ती गोऱ्या मुलांहून खाली होती. बहुतेकदा अर्जदाराला न भेटताच हे गुण कागदावरून ठरवले जात. न्यायाधीश अ‍ॅलिसन बरोज यांनी २०१९ मध्ये हा फरक मान्य केला, पण मुद्दाम केलेला भेदभाव सिद्ध होत नाही, असं म्हणून हार्वर्डच्या बाजूने निकाल दिला. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. प्रवेशात वंशाचा थेट विचार करण्यावर बंदी आली. आपल्या वंशाचा आपल्या जगण्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात लिहिलं तर ते वाचायला मात्र मुभा राहिली. त्यामुळे निबंधाच्या रकान्याला पुन्हा नवं काम लागलं. न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत हा निकाल किती लक्ष देऊन वाचला गेला असेल हे सांगायला नको. त्यांची मुलं अर्जात याच 'आशियाई' चौकटीत बसतात.

या खटल्यात आणखी एक गोष्ट उघडी पडली आणि तिच्याबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं. भरती केलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, अधिष्ठात्यांच्या खास यादीतली नावं, आणि प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं, असे चार गट. अर्जदारांत यांचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी, आणि प्रवेश मिळालेल्यांत सुमारे ३० टक्के. माजी विद्यार्थ्याच्या मुलाला प्रवेश मिळण्याचं प्रमाण तिघांत एक होतं. इतरांचं शंभरात सहाच्या आसपास. 'मॅनेजमेंट कोटा' म्हटलं की आपण नाकं मुरडतो. इथे तोच कोटा अभिजात इंग्रजीत, परंपरेचं नाव घेऊन नांदतो आहे. एमआयटी हा फायदा देत नाही, जॉन्स हॉपकिन्स आणि अ‍ॅमहर्स्ट यांनी तो बंद केला, कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. हार्वर्डमध्ये तो चालूच आहे.

खेळाडूंच्या गटाचं मोल मार्च २०१९ मध्ये पोलिसांच्या दप्तरी नोंदलं गेलं. रिक सिंगर नावाच्या सल्लागाराने श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन प्रशिक्षकांना लाच दिली आणि कधी बोट वल्हवलेली नाही अशा मुलांना नौकानयनपटू म्हणून आत सरकवलं. पाण्यात पोलो खेळतानाचे बनावट फोटो तयार झाले. काहींच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकाही दुरुस्त करवल्या गेल्या. पुढचं दार स्वतःच्या बळावर, मागचं दार मोठ्या देणगीवर, आणि आपण बाजूचं दार उघडतो, अशी त्याची विक्रीची भाषा होती. २०२३ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्याने वल्ही आणि वॉटर पोलो यांसारखे खेळ का निवडले याचं कारण साधं आहे. ज्या खेळांकडे कुणी बघत नाही, तिथल्या प्रशिक्षकाच्या हातातही जागा असतात. त्याच वर्षी, २०२३ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला: सारखेच परीक्षेचे गुण असताना, सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांची या विद्यापीठांत जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त.

आता आपल्या घरात येऊ. २०२२ मध्ये हार्वर्डकडे ६१ हजारांहून अधिक अर्ज आले आणि १,९५४ जणांना बोलावणं गेलं. जेईईवर वाढलेल्या घराला हा आकडा घाबरवत नाही, कारण गर्दीची आपल्याला सवय आहे. गोंधळ दुसरीकडे होतो. जेईईत हरलेल्या मुलाला निदान कळतं की आपण किती गुणांनी हुकलो. इथे मार्चअखेरीला एक पत्र येतं, त्यात आकडा नसतो, कारण नसतं. त्या मुलाच्या विभागात त्या वर्षी तशीच आणखी दहा मुलं होती का, वाद्यवृंदाला ओबोवादक हवा होता का, हे त्याला कधीच कळत नाही. समिती एकेक मूल जोखत नसते. ती सुमारे सोळाशे जणांचा एक वर्ग जुळवत असते. पण घरात ते पत्र मुलाच्या अठरा वर्षांवरचा शेरा म्हणून वाचलं जातं.

या धास्तीवर धंदा उभा राहिला आहे. नववीपासून 'प्रोफाइल' घडवून देणारे सल्लागार, पैसे भरून छापले जाणारे शोधनिबंध, दोन आठवड्यांची समाजसेवा, तिचा फोटो आणि प्रशस्तिपत्र. मुंबई-पुण्याच्या मोठ्या शाळांत यासाठी पगारी समुपदेशक असतो. तालुक्याच्या गावी तो नसतो, आणि तिथल्या मुलाला वाटतं की आपल्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही. इथे अर्जच नीट वाचायला हवा. बहुतेक विद्यापीठं वापरतात तो 'कॉमन अ‍ॅप' हा सामायिक अर्ज १९७५ मध्ये पंधरा महाविद्यालयांपासून सुरू झाला. त्यात उपक्रमांचे जास्तीत जास्त दहा रकाने आहेत आणि प्रत्येकाच्या वर्णनाला अक्षरं, जागा, विरामचिन्हं धरून दीडशेची मर्यादा. त्या रकान्यात उपक्रमाचा प्रकार निवडायची यादी येते. यादीत वादविवाद आहे, रोबोटिक्स आहे, आणि तिथेच 'पगारी काम' आहे आणि 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' ही आहेत.

समजा, सांगोल्याची एक मुलगी कॉलेजातून येऊन रोज वडिलांच्या किराणा दुकानात बसते, उधारीची वही सांभाळते आणि धाकट्या भावाचा अभ्यास घेते. तिच्या घरी कुणी याला उपक्रम म्हणणार नाही. तिचे शिक्षक तर नाहीच नाही. ती तो रकाना रिकामा सोडते आणि सातवीत मिळालेलं चित्रकलेचं प्रमाणपत्र लिहिते. दुकानात आठवड्याला वीस तास, किती गिऱ्हाइकांची उधारी, वसुली कशी लावली, हे दीडशे अक्षरांत आरामात बसतं, आणि दिल्लीच्या मुलाच्या विकत घेतलेल्या शोधनिबंधापेक्षा वाचणाऱ्याला जास्त काही सांगून जातं.

साडेसहाशे शब्दांच्या निबंधाचंही तेच. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत पोहोचल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी स्वतःच्या हाताने अर्जाचं पत्र लिहिलं. ते आज फिलाडेल्फियात जपून ठेवलेलं आहे. ते कॉलेज आजच्या अर्थाने निवडक नव्हतं, पण अठरा वर्षांच्या मुलीने त्या पत्रात जे केलं ते आजच्या सल्लागारांना जमत नाही. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नाही, याची तिला कल्पना होती. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण इतक्या दूर आलो, हा निर्धार लक्षात घ्यावा. पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांसाठी हे शिक्षण हवं आहे, असं तिने सरळ मांडलं. बढाई नाही, रडगाणंही नाही. अधिष्ठात्या रेचेल बॉडली यांनी तिला घेतलं. ११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली.

पैशाचं मात्र कुणी निबंधाने भागवू शकत नाही. हार्वर्डचा वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या वर आहे. 'हुशार आहे, स्कॉलरशिप मिळेल' ही आपली समजूत इथे चालत नाही, कारण हार्वर्ड-येल ज्या गटात आहेत त्या आयव्ही लीगमधली विद्यापीठं गुणवत्तेची शिष्यवृत्ती देतच नाहीत. मदत मिळते ती गरजेनुसार. आणि मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होऊ न देणारी, परदेशी विद्यार्थ्यांनाही तोच नियम लावणारी विद्यापीठं फार थोडी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट ही त्यांतली. इतर बऱ्याच ठिकाणी परदेशी मुलाने मदतीच्या रकान्यात खूण केली की त्याचा अर्ज अवघड ढिगात जातो. पंचवीस ठिकाणी अर्ज टाकण्याआधी ही एक गोष्ट तपासली तर निम्मे पैसे आणि निम्मी हुरहूर वाचते. अर्जाचं शुल्क परवडत नसेल तर माफीची सोय आहे, हेही लहान गावांत फारसं ठाऊक नसतं.

राहिलं शिफारसपत्र. लॉवेल यांच्या काळात नको असलेल्यांना गाळण्यासाठी ते हत्यार झालं, हे आपण पाहिलं. आज हार्वर्डची समिती दोन शिक्षकांची आणि शाळेची पत्रं मागते, आणि ज्या शाळेचं नावही तिने ऐकलेलं नाही तिथल्या मुलाबद्दल तिला विश्वासाचं काही मिळतं ते त्या पत्रांतूनच. आपल्याकडे हे पत्र कसं तयार होतं? "तूच लिहून आण, मी सही करतो." शिक्षकाला साठ-सत्तर मुलांचा वर्ग असतो, इंग्रजीची भीड असते, वेळ नसतो, हे सगळं खरं. पण मग मुलगा इंटरनेटवरून एक मजकूर उचलतो, त्यात आपलं नाव घालतो, आणि 'मेहनती, प्रामाणिक, आज्ञाधारक' ही तीन विशेषणं सांगोल्यापासून सावंतवाडीपर्यंत सगळ्या मुलांना सारखीच लागतात. पत्र वाचणाऱ्याला त्यातून एकही मूल दिसत नाही.

महाराष्ट्राला शिफारशीची ताकद ठाऊक नाही असं थोडंच आहे! विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे पुस्तकात डोकं घालून बसलेला एक शाळकरी मुलगा त्यांच्या नजरेस पडला. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तकं दिली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे शिक्षण अडलं तेव्हा त्याचा विषय त्यांनी सयाजीराव महाराजांच्या कानावर घातला. महाराजांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, आणि १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबियाला निघाले. केळुसकर गुरुजींनी त्या मुलाला वाचताना पाहिलं होतं, म्हणून ते त्याच्याविषयी बोलू शकले.

या सभागृहात शिक्षक आणि मुख्याध्यापक बऱ्याच संख्येने आहेत, म्हणून विनंती त्यांना. लवकर निर्णय देणाऱ्या अर्जांची मुदत १ नोव्हेंबरला संपते आणि उरलेल्यांची साधारण १ जानेवारीला. वर्गातलं एखादं मूल पत्र मागायला आलं, मग ते हार्वर्डसाठी असो, अझीम प्रेमजी विद्यापीठासाठी असो की एखाद्या शिष्यवृत्तीसाठी, तर त्याला कोरा कागद देऊन परत पाठवू नका. त्याला समोर बसवा, घरी काय करतो ते विचारा, आणि त्याने वर्गात कोणता प्रश्न विचारला होता, कोणतं गणित वेगळ्या रीतीने सोडवलं होतं, तेवढं एक आठवून लिहा. इंग्रजी साधं असलं तरी चालेल. फक्त पत्र तुम्ही लिहा.